खंजिरीचे कानसेन

वर्धा जिल्ह्यात तुकडोजी महाराजांच्या भजनांचे चाहते मोजायला बसू नये. कुणाचे आवडते भजन कोणते, कुठल्या गावच्या मंडळाने लय कशी चढवली, खंजिरीवर कुणाची बोटे जास्त फिरतात, यावर रात्र सरते आणि चित्रफिती या मोबाइलवरून त्या मोबाइलवर धावतात. महाराज ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यता यांवरही आयुष्यभर गात राहिले. आवडत्यांच्या यादीत मात्र बहुधा देवाची आळवणी. तिच्यासाठी झाडू हाती धरावा लागत नाही. कुणी म्हणेल, भजन सुरांसाठी ऐकायचे, त्यात हिशेब कसला? मान्य. चाल गोड नसती तर गर्दीच जमली नसती. पण १९३६ मध्ये गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावले आणि ते महिनाभर राहिले, ते काय निव्वळ मैफलीसाठी? पुढे १९४२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातली आष्टी आणि शेजारचे चिमूर पेटले, तेव्हा इंग्रज सरकारने या भजनकऱ्याला तुरुंगात घातले. खंजिरीच्या तालाला कोणी तुरुंगात टाकत नाही, शब्दांना टाकतात. कान देऊन भजन ऐकण्यात ते परके सरकार आपल्यापेक्षा सरस होते, एवढे कबूल करावेच लागेल.