दुष्काळाचे दोन श्रेयांक

आमच्या विद्यापीठात मी सकाळी इतिहास शिकवतो आणि दुपारी अधिष्ठातापदाचा अतिरिक्त कार्यभार सांभाळतो. अतिरिक्त कार्यभार ही आपल्याकडील उच्च शिक्षणाची नैसर्गिक अवस्था असून पूर्णवेळ नेमणूक हा तिला क्वचित जडणारा विकार आहे, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. सकाळच्या गृहस्थाला जे जे सुचते ते ते दुपारच्या गृहस्थाला नियमात बसवावे लागते; आणि हे दोघे एकाच डब्यातली पोळीभाजी खात असले, तरी त्यांचा पत्रव्यवहार मात्र आवक-जावक विभागामार्फतच होतो. अध्यापक या नात्याने मी सादर केलेल्या तजविजीवर अधिष्ठाता या नात्याने मीच जेव्हा ‘सविस्तर खुलासा व्हावा’ असा शेरा मारला, तेव्हा घरच्या मंडळींनी मला हवापालटाचा सल्ला दिला. दफ्तरात मात्र कोणालाही त्यात काही वावगे दिसले नाही.

तजवीज होती दुष्काळाची. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांमधल्या भिंती पाडण्याचा पुकारा केल्यापासून प्रत्येक विद्यापीठ पाडण्याजोगी भिंत शोधू लागले, तसे आम्हीही लागलो. आणि महाराष्ट्रातल्या 1972 च्या दुष्काळावर दोन श्रेयांकांचा, म्हणजे तीस तासांचा, एक अभ्यासक्रम भूगोल, अर्थशास्त्र, इतिहास आणि मराठी या विभागांनी मिळून शिकवावा असे ठरले. पाऊस का पडला नाही हे भूगोलाने सांगावे, बाजारात धान्य असूनही ते पदरात का पडत नाही हे अर्थशास्त्राने, सरकारने काय केले हे इतिहासाने, आणि कडेवरचे पोर झाडाखाली ठेवून खडी फोडणाऱ्या बाईच्या मनात काय चालले होते हे साहित्याने. पहिल्या बैठकीत चारही विभागप्रमुखांनी या विचाराचे मनःपूर्वक स्वागत केले आणि इतर तीन विषयांना प्रत्येकी चार तास पुष्कळ झाले, असे एकमुखाने सांगितले.

विद्वानांची समजूत घालणे त्या मानाने सोपे. त्यांना चहा पाजता येतो. खरा घाट पुढे होता. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने विद्याशाखा चार केल्या, त्यांतली चौथी साक्षात आंतरविद्याशाखीय. पण तिच्यात शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, शारीरिक शिक्षण अशी मंडळी आधीपासूनच नांदत असल्यामुळे, खरोखरीच दोन शाखांमध्ये पाय टाकून उभ्या असलेल्या विषयाला तिथे बसायला जागा मिळेना. त्यातून भूगोल हा तर असा विषय, की तो कला आहे की विज्ञान हे आमच्याकडे विद्यार्थ्याच्या प्रवेशअर्जावरून ठरते.

अशा वेळी फाइल आमच्या कक्ष अधिकाऱ्यांकडे जाते. त्यांना सारे विद्यापीठ भाऊसाहेब म्हणते. निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर चढवून वाचणारे हे गृहस्थ कोणत्याही प्रस्तावाचे शेवटचे पान आधी पाहतात, कारण खर्च तिथे असतो.

“सर, एका तासाला दोन प्राध्यापक वर्गात असणार, असं लिहिलंय,” ते म्हणाले.

“होय. एकमेकांशी संवाद करीत शिकवणार.”

“प्राध्यापकाला आठवड्याला चौदा तास प्रत्यक्ष अध्यापन. मग हा तास कोणाच्या नावावर धरायचा?”

“दोघांच्या.”

“एक बोलत असताना दुसरे काय करणार?”

“ऐकणार.”

“मग ते विद्यार्थी झाले, सर,” भाऊसाहेब अत्यंत नम्रपणे म्हणाले. “त्यांचे शुल्क कोणत्या शीर्षाखाली जमा करायचे?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. मला त्या क्षणी दामोदर धर्मानंद कोसंबी आठवले. गणिताच्या या प्राध्यापकाने हजारो जुनी नाणी तराजूत घातली, हाताळणीने ती किती झिजली याचे गणित मांडले आणि त्यातून कालक्रम काढून इतिहासकारांना विचारात पाडले. ते आज आमच्याकडे असते, तर तराजूची नोंद गणित विभागाच्या डेड स्टॉक रजिस्टरात करावी की इतिहासाच्या, या मुद्द्यावर लेखापरीक्षकाने हरकत घेतली असती, आणि नाणी वजन करून झाल्यावर परत केल्याचा दाखलाही मागितला असता.

पण भाऊसाहेबांनी फाइल परत केली नाही. त्यांनी अभ्यासक्रमच वाचायला घेतला. हे दफ्तराच्या इतिहासात अभूतपूर्व होते. दोन दिवसांनी ते केबिनमध्ये आले आणि दार लोटून म्हणाले, “यात हजेरीपट कुठेच नाही, सर.” त्यांचे वडील सोलापूरकडे एका पाझर तलावाच्या कामावर हजेरी कारकून होते, आणि स्वतः भाऊसाहेब तिथल्या सुकडीवर वाढले होते, हे इतक्या वर्षांत आम्हांला ठाऊक नव्हते. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर सुमारे 50 लक्ष माणसे होती, हा आकडा आमच्या टिपणात ठळक अक्षरांत होता. ती कोणी आणि कशी मोजली, हा प्रश्न चार विभागांतल्या एकाही पंडिताला पडला नव्हता.

तेव्हा त्यांचा एक तास ठेवला. फळ्यावर त्यांनी हजेरीपटाचे रकाने इतके सरळ आखले की भूगोलवाल्यांनी मान खाली घातली. मग सांगितले, की मातीकामाची मजुरी दिवसावर नव्हे तर मोजमापावर ठरते. म्हणून खोदताना खड्ड्याच्या मधोमध मूळ जमिनीच्या उंचीचा मातीचा एक खुंट, माथ्यावरच्या गवतासकट, राखून ठेवायचा आणि त्यावरून खोली मोजायची. पोट जाळायला आलेली एखादी टोळी रात्री त्या माथ्यावर वीतभर माती चढवून वर गवताचा तुकडा बसवी, की सकाळी खड्डा आपोआप खोल! “आणि कारकुनाने काय करायचे?” एका मुलीने विचारले. “गवत उपटून पाहायचे,” भाऊसाहेब म्हणाले. “मुळे खालच्या मातीत गेलेली नसली, तर लबाडी.” मग जरा थांबून म्हणाले, “वडील कधी कधी उपटत नसत.” मजुरीच्या सिद्धान्तावर ग्रंथ लिहिलेले आमचे अर्थशास्त्राचे विभागप्रमुख मागच्या बाकावर बसून हे भराभर उतरवून घेत होते, त्यांच्याकडून शुल्क मागण्याचा सोन्यासारखा मोका भाऊसाहेबांनी का दवडला, कोण जाणे.

पाहुण्या व्याख्यात्याला मानधन देण्याचा प्रघात आहे. सकाळच्या गृहस्थाने त्याचे देयक तयार करून रीतसर पाठवले, ते अर्थातच भाऊसाहेबांच्याच मेजावर पोहोचले, आणि त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरांत शेरा उमटला: ‘अध्यापकेतर कर्मचाऱ्यास अध्यापनाचे मानधन देय नाही. शिवाय सदर व्याख्यान कार्यालयीन वेळेत झाले असून व्याख्यात्याने त्या वेळेची रजा घेतल्याचे दिसून येत नाही. सबब रजेच्या अर्जासह फेरसादर करावे.’ दुपारच्या गृहस्थापुढे फाइल आली तेव्हा अर्धा दिवस नैमित्तिक रजेचा अर्ज तिला आधीच टाचलेला होता. तपशील बिनचूक होता, सही तारखेसह होती. आणि ‘रजेचे कारण’ या रकान्यात भाऊसाहेबांनी लिहिले होते, ‘दुष्काळ’.