थाई ॲडेनियम, मुक्काम पोस्ट बारामती

उसाचं कांडं नुसतं हातात घेऊन ते 86032 आहे की 265, हे सांगणारी माणसं ज्या बारामतीत पारावर बसलेली असतात, त्याच बारामतीत मी मोबाइलवरचा फोटो बघून झाड विकत घेतलं. ‘दुर्मिळ थाई ॲडेनियम, गुलाबी, डबल पाकळी.’ किंमत 399, पोहोच फुकट. खोक्यातून वीतभर रोप निघालं आणि दीड वीत लेबल.

चार महिन्यांत रोप कमरेला लागलं. पानं तळहाताएवढी, जाड, पांढुरकी. ओळख पटवायला ॲपला फोटो दाखवला. त्याने सकाळी एक नाव सांगितलं, दुपारी दुसरं. विक्रेत्याला कळवलं, तर उत्तर आलं, ‘सर, फूल आल्यावर खात्री करा.’ फुलाला लागणार वर्ष आणि रोप परत करायची मुदत सात दिवस! हा नियम लिहिणाऱ्याला झाडांतलं कळत नसेल, कॅलेंडरातलं चांगलं कळतं.

शेवटी इंदापूरहून आक्का आली. तिने पान खुडलं, चीक बघितला आणि कपाळावर हात मारला. “आरं, ही तर रुई हाय! उजनीच्या कडंला मोकार उगवलीय. पोतंभर आणून दिली असती की!”

पुस्तक उघडलं. ॲडेनियम आणि रुई एकाच कुळातली निघाली, कण्हेरही त्यातलीच. म्हणजे विक्रेत्याने कूळ बरोबर पाठवलं, पत्रिका तेवढी दुसऱ्याची जोडली. आपल्याकडे लग्नंही अशी जमतात.

आक्काचा राग 399 रुपयांवर होता. तिच्याकडे डाळिंबाचं रोप घ्यायचं तर परवाना, पावती, मातृवृक्ष, सगळं विचारतात. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी राज्यात 1969 पासून कायदा आहे. भगवा म्हणून लावलेलं डाळिंब गणेश निघालं, तर ते फळ धरल्यावर कळतं. तोवर दोन-अडीच वर्षांचं पाणी, खत आणि सोसायटीचं कर्ज मुळाशी गेलेलं असतं. बाल्कनीतल्या कुंडीवर कर्ज मिळत नाही, म्हणून आम्ही लेबल वाचतो आणि पान बघत नाही.

विक्रेत्याला एकच स्टार द्यायला बसलो आणि खिडकीतून आमच्या सोसायटीचं फाटक दिसलं. तिथे सरळसोट उभे आहेत ते ‘अशोक’. सीतेचा अशोक निराळा, त्याला केशरी-लाल फुलांचे घोस येतात. हा आसुपालव. याच्याखाली बसली असती तर बिचारीला उन्हाचाही वनवास घडला असता. वर गच्चीत आम्ही मध्यरात्री ज्याला ओवाळतो ते ‘ब्रह्मकमळ’ निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मध्य अमेरिकेकडचं. खरं ब्रह्मकमळ हिमालयात, ते उत्तराखंडाचं राज्यफूल. आणि दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाची पानं लुटून आम्ही एकमेकांना ‘सोन्यासारखे राहा’ म्हणतो. ही लेबलं कुठल्या विक्रेत्याने चिकटवली?

नावावरून फसणं तर आमच्या मतदारसंघाच्या अंगवळणी पडलंय. 2024 च्या लोकसभेला यंत्रावर ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होता आणि नुसतीच ‘तुतारी’ही होती. चित्रात बघावं तर ती पिपाणी. तिथे परत करायची मुदत पाच वर्षं.

स्टार दिले नाहीत. रुई कुंडीतच आहे, लेबलही तसंच. गेल्या शनिवारी शेजारचे गुरुजी अकरा पानं मागायला आले. गेले महिनाभर रोज लेबल वाचून ते ‘ॲडेनियम छान वाढलंय’ म्हणत होते. माळ करायची वेळ आली, तेव्हा मात्र त्यांनी लेबलाकडे बघितलंही नाही.

थाई ॲडेनियमची माळ मारुतीला घातली. अजून तक्रार आलेली नाही.