चार पायांची चार मतं

उंची किंवा कोन बदलता येणाऱ्या घरगुती वस्तू मुख्यतः तीन युक्त्यांवर चालतात. पहिली खाचेची: दांडा उचलायचा, पुढच्या खाचेत अडकवायचा. दुसरी भोकांची: पाइपात पाइप, दोन्हींना भोकं, मधून पिन. तिसरी आट्यांची: फिरवत राहिलं की वस्तू वर येते. ऑफिसच्या खुर्चीतला गॅसचा दट्ट्या चौथा धरता येईल, पण तो बसला की खुर्चीही कायमची बसते, म्हणून तो इथे सोडला आहे. बुलढाणा तालुक्यातल्या धाडसारख्या गावात या तिन्ही युक्त्या एकाच वेल्डिंगच्या दुकानात मिळू शकतात. गिऱ्हाईक, त्याची सून आणि मिस्त्री अशी तीन माणसं जमली की तिन्हींची परीक्षाही तिथेच होते.

आधी खाच.

गिऱ्हाईक: मले अशी खुर्ची पाह्यजे, का बसलं तं बसल्यावानी वाटलं पाह्यजे अन् लेटलं तं लेटल्यावानी.

मिस्त्री: आरामखुर्ची घ्या न आबा. मांगं तीन खाचा देतो.

गिऱ्हाईक: चौथी काहून नाई?

मिस्त्री: चौथीत माणूस खालीच येते.

कापड ताणून बसवलेल्या घडीच्या खुर्चीचं पेटंट इंग्लंडमध्ये १८८६ साली जॉन मूर याने घेतलं. तिच्यात दोष एकच, पण तो मूळचा आहे: खाच बदलायची तर उठावं लागतं, आणि ज्याला सहज उठता येतं त्याला अशा खुर्चीची फारशी गरज नसते. बसल्या बसल्या खाच बदलू पाहणाऱ्याची बोटं चौकटीत सापडतात. या बाबतीत सुंभाची बाज पुढारलेली म्हणावी लागेल. तिचं विणकाम पायथ्याशी थांबतं आणि तिथे नुसत्या दोऱ्या असतात. झोळ पडला की चौकटीला पाय लावून त्या ओढायच्या. ना पाना, ना पिन. कडक हवी त्याला कडक, मऊ हवी त्याला मऊ. मात्र नवरा-बायकोचं यावर एकमत होत नसेल तर बाज काही करू शकत नाही.

दुसरी युक्ती भोकांची. ती कागदावर सगळ्यांत सोपी दिसते, आणि घोटाळाही तिथेच सगळ्यांत जास्त होतो.

मिस्त्री: एकच टेबल, वहिनी. सकाळी नातवाचा अभ्यास, दुपारी तुमची भाजी, रातच्याले आबाची पोथी. प्रत्येक पायाले सहा भोकं, इंच-इंचावर.

सून: चारही पाय बदलाले वेळ किती लागते?

मिस्त्री: दोन माणसं असले तं पाच मिनिटं.

सून: अन् दोघंबी आमच्या घरचे असले तं?

गिऱ्हाईक: तं टेबल हाय तिथंच राह्यते.

होतं असं की तीन पाय चौथ्या भोकात जातात आणि एक पाय पाचव्यात. मग चहाचा कप आपोआप एका कोपऱ्याकडे चालू लागतो. तिवई मात्र कधीच डुगडुगत नाही, कारण कोणतेही तीन बिंदू एका सपाटीत बसतातच. चौथा पाय आला की मतभेद आला. त्यात जमीन शहाबादी फरशीची असेल तर भोकं बरोबर जुळूनही टेबल हलतं. त्यावर उपाय तिसऱ्या युक्तीचा आहे: प्रत्येक पायाखाली आट्यांची बुटकी टाच, फ्रिजखाली असते तशी. फरशी जिथे खोल असेल तिथे दोन फेरे जास्त. हा उपाय स्वस्त आहे, नेमका आहे, आणि बहुतेक लोक त्याऐवजी कागदाची घडी घालतात.

आणखी एक निरीक्षण इथेच नोंदवायला हवं. अशा टेबलाची उंची बहुधा एकदाच बदलते, ते घरात आलं त्या दिवशी. पुढे पिन गंजते आणि वस्तू कायमची एका मापाची होते.

बाथरूममध्ये हे गंजणं महिन्यांवर येतं. तिथे साधं लोखंड चालत नाही, आणि बोअरच्या पाण्यातले क्षार स्टेनलेसच्या सांध्यातही पांढरे होऊन बसतात. मिस्त्रीचा उत्साह तरीही कमी होत नाही.

मिस्त्री: बेसिन मी ड्रॉवरच्या पट्टीवर बसवतो. नातू आला का खाली, आबा आले का वर.

सून: अन् पाणी कुठून जाईन?

मिस्त्री: नरम पाइपातून.

सून: तो पाइप बेसिन खाली आलं का लोंबन. लोंबला का त्यात साबण बसन. मंग तो काढाले तुम्हीच येसान.

मिस्त्री: माह्या धंद्याचंबी पाहा न थोडं.

सुनेचं म्हणणं बरोबर आहे. बेसिनखाली पाइपाला एक वळण मुद्दाम दिलेलं असतं. तिथे साचलेलं पाणी गटाराचा वास अडवतं. नरम पाइप लोंबला की दुसरं, नको असलेलं वळण तयार होतं आणि सगळा गाळ तिथे थांबतो. म्हणून बेसिन आपल्या जागी ठेवावं आणि लहान मुलाखाली पाट द्यावा. शॉवरचं तसं नाही. उभ्या दांडीवर सरकणारा हातशॉवर उभ्यालाही पुरतो आणि स्टुलावर बसून अंघोळ करणाऱ्यालाही. त्याच्याशी बरोबरी करणारी वस्तू एकच, बादलीतला तांब्या.

फ्लशच्या टाकीचं माप ठरवण्याची सोय ऑस्ट्रेलियातून आली. ब्रूस थॉम्पसनने १९८० साली दोन बटणांची टाकी केली, एकाला अकरा लिटर आणि दुसऱ्याला साडेपाच.

गिऱ्हाईक: पण मी तं दोन्ही दाबतो.

सून: मामाजी, म्हणूनच टाकी दुपारीच रिकामी होते.

राहिला कमोड. अँग्लो-इंडियन नावाचं भांडं ही दोन्ही पक्षांना खूश ठेवण्याची खटपट आहे: काठ रुंद, त्यावर पावलं ठेवायच्या जागा, म्हणजे बसा किंवा उकिडवे बसा.

गिऱ्हाईक: त्याच्यावर चढाले गुडघा लागते.

मिस्त्री: मंग चढू नका, बसा.

गिऱ्हाईक: बसलो तं ते पावलाच्या जागा रुततात.

दुखऱ्या गुडघ्यांसाठी या सगळ्यांपेक्षा साधी वस्तू आहे: कमोड खुर्ची. तिच्या पायांना भोकं असतात, आतून स्प्रिंगचं बटण बाहेर येऊन अडकतं, आणि खालचं भांडं काढलं की ती देशी संडासावरही मांडता येते. शेजारी भिंतीत धरायला दांडी हवीच, आणि तिचे स्क्रू टाइल्सच्या पुढे विटेत गेलेले हवेत. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही. २०२४ पासूनच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट वर्षांवरील पात्र व्यक्तीला साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये थेट बँकेत मिळण्याची तरतूद आहे, आणि त्या यादीत कमोड खुर्ची आहे.

मिस्त्री: तं मंग मी काय बनवू?

सून: दांडी बनवा. सरकणारी नको. हलाले नाई पाह्यजे.

खुर्ची घरी आली की चारही पाय एकाच क्रमांकाच्या भोकात आहेत का ते मोजावं, आणि चारही बटणं टक् वाजून बाहेर आल्यावरच म्हाताऱ्या माणसाला तिच्यावर बसवावं.