अण्णांची चिमटी

तुमच्या रनिंग ग्रुपमध्येही एक अण्णा असणारच. मे महिना, पहाटेचे साडेपाच, शिवाजी पार्कचा कट्टा. वारा गुडुप, आणि पहिलं पाऊल टाकायच्या आधीच आपण निथळतोय. अशा वेळी आमचे अण्णा जवळ येतात, आपल्या टी-शर्टची बाही चिमटीत धरतात, डोळे मिटून अंगठ्याने चोळतात आणि निकाल देतात, "एकशे ऐंशी. मेलास!"

हा आकडा म्हणजे जीएसएम, एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. मुंबईत धावणाऱ्याने एकशे वीसच्या वर जाऊ नये, हा अण्णांचा कायदा. त्यात कुणी चुकून "पण कॉटन घाम शोषतं ना?" म्हणालं, की संपलंच. "शोषतं रे, सोडतं कुठे? दोन किलोमीटरनंतर अंगावर ओलं पोतेरं! पॉलिएस्टर घाम पीत नाही, पसरवतं. पण हवाच भिजलेली असेल तर तो उडणार कुठे? म्हणून सैल घाला, जाळीचं घाला, कमी घाला." संताप याचा येतो की माणूस बरोबर बोलतो. जानेवारीतल्या हाफ मॅरेथॉनला आमच्यातल्या एका बँकवाल्याने काखेत व्हॅसलिन आणि छातीवर चिकटपट्टी लावायचा सल्ला हसण्यावारी नेला. एकवीस किलोमीटरनंतरच्या फोटोत त्याच्या पांढऱ्या टी-शर्टवर दोन लाल ओघळ आहेत. तो फोटो अण्णा नवशिक्यांना दाखवतात.

चिमटी मैदानापुरती राहिली असती तर चाललं असतं. ग्रुपमधल्या एकाच्या लग्नात स्टेजवर आहेर देताना अण्णांनी नवरदेवाची शेरवानी चाचपली. "चारशेच्या खाली नाही. हॉलला एसी आहे म्हणून वाचलास." सोसायटीच्या गणपतीत ज्येष्ठ धावपटू म्हणून सत्कार झाला, तर शाल खांद्यावर पडताच हात शालीच्या काठाला. पाहुणे हार घालायला वाकलेले आणि माइकवरून सगळ्या मांडवाला ऐकू गेलं, "ह्यात हवा खेळत नाही, साहेब." अँजिओग्राफीला नेताना म्हणे गाऊन चिमटीत धरून नर्सला विचारलं, "धुऊन किती वेळात वाळतो?"

एकदा धावताना मी वैतागून म्हणालो, "अण्णा, तुमचे वडील जन्मभर गिरणीत कॉटनच विणत होते ना?"

अण्णा चक्क चालायला लागले. वडील साचेखात्यात होते. कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून तिथे मुद्दाम पाण्याचे फवारे सोडून हवा दमट ठेवायचे. "सूत टिकलं पाहिजे ना! बाबा आठ तास त्यात उभे, अंगात बंडी. डबा घेऊन गेटवर गेलो की आधी ती बंडी पिळायचे, मग हात धुवायचे." चिमटीही बाबांचीच. रस्त्यावरच्या कुणाचाही सदरा चाचपून सुताचा काउंट सांगायचे. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात बाबाही. पुढे गिरणी उघडलीच नाही. चाचपायची खोड मात्र गेली नाही, फक्त घरचेच कपडे उरले. हे सगळं अण्णांनी एकाच फेरीत सांगितलं आणि वर मला पाण्याची बाटली दिली. एरवी ते ती कुणाला देत नाहीत.

गेल्या महिन्यात त्यांच्याबरोबर परळच्या एका मॉलमध्ये गेलो होतो. मूळ जागा गिरणीचीच. आत हवा अशी कोरडी की ओठ फुटावेत. अण्णांनी एक बिनबाह्यांचा टी-शर्ट चिमटीत धरला, डोळे मिटले. "पंच्याण्णव!" पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर पसंती दिसली. मग लेबल उलटलं. कापड व्हिएतनामचं, किंमत ३,४९९ रुपये. विक्रेता पोरगा धावत आला. "कूलिंग टेक्नॉलॉजी आहे, सर."

"माझे वडील इथेच कापड विणायचे," अण्णा म्हणाले.

"अच्छा? कुठल्या फ्लोअरला, सर?" पोराने अगदी अदबीने विचारलं.