गजनी आणि पाच किलो गहू

पाच किलो गव्हाचा स्टीलचा डबा घेऊन मी सकाळी घरातून निघालो, याबद्दल दुमत नाही. गिरणी आमच्या गल्लीच्या टोकाला. तिच्या अलीकडे भाजीवाला बसतो आणि त्या दिवशी त्याच्याकडे कोवळी भेंडी आली होती. मी डबा खाली ठेवला, एकेका भेंडीचं शेपूट मोडून पाहत अर्धा किलो निवडून घेतली, डबा उचलला आणि घरी आलो.

"दळण झालं?" बायकोने विचारलं.

"झालं."

"इतक्यात?"

"गर्दी नव्हती."

मी खोटं बोलत नव्हतो. गिरणी मला अगदी डोळ्यांसमोर दिसत होती. तो पट्ट्याचा फडफडाट, गिरणीवाल्याच्या पांढऱ्या झालेल्या भुवया, पिठाचा गरम वास. सगळं खरं होतं, फक्त मागच्या आठवड्यातलं होतं. बायकोने डब्याचं झाकण उघडलं. आत गहू. जसेच्या तसे.

"बाबा, तू पूर्ण गजनी झालायस," चिरंजीव मोबाइलमधून मान न उचलता म्हणाले.

दळण विसरलो हे मी मान्य करतो. गजनी म्हणवून घ्यायला मात्र माझी हरकत आहे, आणि ती तत्त्वाची आहे. ज्या हिंदी सिनेमावरून ही शिवी आली, त्यात विसरतो तो आमिर खान, म्हणजे संजय सिंघानिया. गजनी हा त्यातला खलनायक. त्याची स्मरणशक्ती ठणठणीत होती. कोणाला कुठे मारलं, का मारलं, सगळं त्याच्या ध्यानात होतं. विसराळू माणसाला गजनी म्हणायचं, तर चोरी झालेल्या घराला चोर म्हणायला हवं.

बरं, मूळ तमिळ ‘गजनी’त तर गजनी नावाचं कोणी नाहीच. दिग्दर्शक ए. आर. मुरुगदास, साल २००५. नायक सूर्या, म्हणजे संजय रामसामी, एका मोबाइल कंपनीचा मालक. नायिका असिन, म्हणजे कल्पना. खलनायकाचं नाव लक्ष्मण, त्याला राम नावाचा जुळा भाऊ. मग शीर्षक आलं कुठून? तर आपल्या शाळेच्या इतिहासातून. गझनीच्या महमूदाने भारतावर सतरा स्वाऱ्या केल्या, हे परीक्षेत एका मार्काला असायचं. तमिळनाडूत पुन्हापुन्हा प्रयत्न करणाऱ्या माणसाला, विशेषतः त्याच त्या परीक्षेला सतत बसणाऱ्याला, ‘गजनी मोहम्मद’ म्हणतात. महमूद बहुतेक वेळा लूट घेऊनच परत गेला, तेव्हा तो हरत होता आणि तरी येत होता असं काही नाही, पण दंतकथेला याचं काय? पंधरा मिनिटांत सगळं पुसलं जातं आणि तरी गडी पुन्हा पहिल्यापासून सूड घ्यायला निघतो, म्हणून सिनेमा ‘गजनी’. हिंदीत येताना हा संदर्भ कुणाच्या लक्षात राहणार, म्हणून ते नाव खलनायकाला चिकटवलं. मग प्रेक्षकांनी ते खलनायकावरून काढून नायकाला लावलं. आता चेंबूरच्या एका फ्लॅटमध्ये ते मला लागलं आहे. विसरण्यावरच्या सिनेमाचं नाव सगळा देश विसरला, आणि वर गजनी कोण, तर मी!

हे सगळं मी चिरंजीवांना सांगितलं. मूळ अर्थाने पाहिलं तर जो थकत नाही, तीच ती चढाई सतरा वेळा करतो, तो गजनी.

"तुम्हाला सतरा वेळा सांगितलं होतं, आधी दळण मग भाजी," आतून आवाज आला.

मी चिरंजीवांकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. त्यांना कळलं नाही.

तमिळ सिनेमाबद्दल माझा हा अधिकार आला शेजारच्या मामींमुळे. मामी चाळीस वर्षं चेंबूरला आहेत आणि त्यांचं मराठी बाजारात माझ्यापेक्षा जास्त चालतं. हिंदी ‘गजनी’ येण्याच्या दोन वर्षं आधी त्यांच्या भाच्याने चेन्नईहून डीव्हीडी आणली. खाली इंग्रजी अक्षरं नव्हती. मामी म्हणाल्या, "या, मी सांगते की." भाषांतराची त्यांची एक पद्धत होती. सूर्या पडद्यावर सलग दोन मिनिटं बोलायचा, डोळे मोठे, आवाज घोगरा, आणि मामी शेंगा सोलता सोलता सांगायच्या, "नाही म्हणतो." असिन तीन शब्द बोलायची आणि मामींचं सुरू व्हायचं: ही मुलगी कशी गरीब, जाहिरातीत काम करते, एकदा कंपनीची माणसं हिच्या घरावर बोर्ड लावायला मागतात, ऑफिसातल्यांना वाटतं मालकच हिच्या मागे लागलाय, तर ही पण ‘हो’ म्हणून मोकळी होते, मग काय, सगळे हिला खुर्ची देतात, कॉफी देतात...

गोष्ट तशी गोड आहे. जिच्याशी आपलं नाव जोडलं गेलंय ती कोण, ते बघायला, खरं तर झापायला, मालक स्वतः जातो आणि तिला पाहून झापायचं विसरतो. (स्मृतिभ्रंशाची पहिली लक्षणं इथेच दिसतात, पण इथे कोणी डॉक्टरांना दाखवत नाही.) नाव सांगतो मनोहर. म्हणजे ती जगाला सांगते की संजय माझा आहे, आणि संजय तिला सांगतो की मी संजय नाही. पहिला भाग या एका गमतीवर डौलात चालतो. मारामारी, गोंदण, पोलरॉइड फोटो हे सगळं लोकांच्या लक्षात राहिलं, पण सिनेमा उचलून धरला आहे तो असिनने. क्रिस्तोफर नोलनच्या ‘मेमेंटो’तही (२०००) अंगभर टॅटू आणि खिसाभर फोटो आहेत, पण तिथे बायको आपल्याला नीट भेटतच नाही. मुरुगदासांनी आधी आपल्याला तासभर कल्पनाच्या प्रेमात पाडलं आणि मग लोखंडी सळई काढली.

तेवढ्यात मामींच्या कुकरची शिट्टी झाली आणि त्या उठून गेल्या. नंतर कळलं, त्या दर वेळी याच जागी उठतात.

सळई ज्याच्या हातात आहे, तो प्रदीप रावत. तमिळमध्ये तोच, हिंदीतही तोच. मला त्याला पाहून काहीतरी आठवत होतं आणि आठवत नव्हतं. रात्री दोन वाजता दिवा लागला: अश्वत्थामा! बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’तला. कपाळावरची भळभळती जखम घेऊन जो युगानुयुगं दारोदार तेल मागत फिरतो असं माझी आजी सांगायची, त्यानेच इथे नायकाच्या डोक्यात सळई घातली. मी हे सांगायला बायकोला उठवलं. ती हे अजून विसरलेली नाही.

संजयचा हा विसरण्याचा आजार कितपत खरा, हे मी मग थोडं वाचून काढलं. अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये १९५३ साली हेन्री मोलेसन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूचं ऑपरेशन झालं. त्याला फिट्स यायच्या. विल्यम स्कोव्हिल या सर्जनने त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढून टाकला. हिप्पोकॅम्पस म्हणजे ग्रीकमध्ये समुद्रघोडा, कारण तो दिसतो तसा. फिट्स कमी झाल्या, पण नवीन आठवण तयार होणं कायमचं थांबलं. त्याला पंधरा मिनिटंसुद्धा मिळत नव्हती; लक्ष दुसरीकडे गेलं की अर्ध्या मिनिटात पाटी कोरी. जुनं बालपण मात्र शाबूत.

ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीच्या कडेने पेन्सिल फिरवायला लावली. करून बघा, हात भलतीकडेच जातो. तीन दिवसांत हेन्रीचा हात छान बसला. गंमत म्हणजे दर वेळी त्याला वाटायचं, आपण हे आयुष्यात पहिल्यांदाच करतोय. डोकं विसरलं, हात शिकला. ती आठवण मेंदूत वेगळ्याच खोलीत ठेवलेली असते.

हे वाचून मी मुरुगदासांची मनोमन माफी मागितली. आम्ही हसायचो ते मारामारीला: याला स्वतःचं नाव आठवत नाही आणि वीस जणांना बरोबर कसा लोळवतो? तर तेवढंच काय ते शास्त्राला धरून आहे. हात विसरत नाहीत. शंका घ्यायचीच तर ती वेगळी आहे: आपण विसरतो, म्हणून अंगावरचं वाचायचं असतं, हे त्याला रोज सकाळी आठवतं कसं? मी तर चष्म्याच्या डबीत ‘गोळी घेणे’ अशी चिठ्ठी ठेवली होती आणि चार दिवस डबी उघडायलाच विसरलो.

हेन्री २ डिसेंबर २००८ ला वारला आणि तोवर नुसता ‘एच. एम.’ असलेला माणूस जगाला नावाने कळला. तेवीस दिवसांनी, नाताळला, हिंदी ‘गजनी’ लागला. देशात शंभर कोटींचा गल्ला ओलांडणारा पहिला हिंदी सिनेमा म्हणून तो ओळखला जातो. पोरं डोक्यावर रेघा कापून हिंडायला लागली. योगायोग असा की पोलरॉइड कंपनीने त्याच वर्षी फेब्रुवारीत झटपट फोटोची फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. संजयला ते कोणी सांगितलं नाही. आणि सांगितलं असतं तरी!

"तो सिनेमा मी आणि तुझ्या आईने थिएटरात पाहिला," मी चिरंजीवांना म्हणालो. "कल्पना मरते तेव्हा आई हुंदके देऊन रडली होती."

"मी नव्हते," बायको म्हणाली.

"अगं, माझ्या डाव्या बाजूला..."

"अहो, हा जानेवारीत झाला. मी सातव्या महिन्यापासून सांगलीला होते." ती आता बाहेर येऊन उभी राहिली. "तुमच्या डाव्या बाजूला कोण रडलं?"

चिरंजीवांनी सोळा वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून मोबाइल खाली ठेवला.

मी सगळा जोर लावला. अंधार आठवला, खारे दाणे आठवले, रुमालात नाक शिंकरल्याचा आवाज आठवला. चेहरा आठवेना. विषय बदलावा म्हणून मी मामींनी नंतर दाखवलेल्या सिनेमाकडे वळलो. ‘नडुवुल कोंजम पक्कत्त काणोम’, २०१२, म्हणजे ‘मधली काही पानं गायब आहेत’. लग्न दोन दिवसांवर असताना विजय सेतुपती क्रिकेट खेळताना डोक्यावर पडतो आणि होणाऱ्या बायकोलाच विसरतो. ना सळई, ना सूड. मित्रांची नुसती धावपळ, आणि दर दोन मिनिटांनी याचा तोच प्रश्न, काय झालं? ही घडलेली गोष्ट आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो प्रेमकुमार त्याच सिनेमाचा छायालेखक. आपलाच गोंधळ त्याने स्वतः कॅमेऱ्यातून पुन्हा पाहिला. पुढे २०१८ साली त्याने ‘९६’ काढला, शाळेतली मुलगी बावीस वर्षं न विसरलेल्या माणसावर.

"रिसेप्शनला तो बायकोला ओळखत नाही," मी म्हणालो, "आणि तरी पुढे संसार—"

"विषय बदलू नका."

बायकोच्या हिशेबाच्या वह्या कपाटात वरच्या फळीवर असतात, लग्नापासूनच्या. तिने २००८ची काढली. माहेरी असतानाही लिहिलेली होती. डिसेंबरची शेवटची पानं. तिने बोट ठेवलं आणि मग वही माझ्यासमोर धरली.

‘२८ डिसें., रविवार. हे व बाबा – सिनेमा, दाणे. बाबांचा रुमाल हरवला.’

माझे सासरे निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांच्यासमोर मी आजवर मांडी मोडलेली नाही. मध्यंतरात ते मला म्हणाले होते, "हवा फार कोरडी आहे हो सांगलीची." मी "हो" म्हणालो होतो. घरी येईपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नव्हतो, आणि मी पुढे इतकं नीट विसरलो की माझ्या आठवणीत त्यांच्या जागी त्यांची मुलगी येऊन बसली.

बायको वही हातात घेऊन बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "हात पुढे करा."

तिने बॉलपेनने माझ्या तळहातावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘दळण’. गुदगुल्या झाल्या. मी डबा उचलला, भाजीवाल्यापुढून ताठ मानेने गेलो आणि गिरणीत पोचलो. गिरणीवाल्याने डबा ओढला, गहू मुठीत घेऊन पाहिले.

"आत्ताच हरभराडाळ दळलीय. बेसनावरच टाकू, का गव्हाचं येईपर्यंत थांबताय?"

मी तळहात पाहिला. ‘दळण’. फोन घरी राहिला होता. मागे रांग वाढत होती. गिरणीवाला पांढऱ्या भुवया उंचावून थांबला होता. घाम पुसायला मी हात कपाळाकडे नेला, तेव्हा मनगटाच्या मागच्या बाजूला तिचंच बारीक अक्षर दिसलं.

‘गव्हावरच टाका म्हणावं. डबा परत आणणे.’