ग्रुपवर टाकले आहे

नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२५ पासून आणि शेजारच्या नोटांच्या छापखान्यात १९२८ पासून कागदाला किंमत येते. मुद्रांक, पोस्टाची तिकिटे, पासपोर्टच्या पुस्तिका, नोटा. देशाचा व्यवहार ज्यावर चालतो त्यातला बराच कागद आमच्याच गावातून बाहेर पडतो. अशा गावाला ‘पेपरलेस व्हा’ म्हणणे म्हणजे येवल्याला पैठणी सोडायला सांगणे. तरीही आम्ही ऐकले. कागद होता तिथेच आहे. त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायची पद्धत तेवढी नवी आली.

ई-ऑफिसला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, त्यात माणसे गेली, हजारो फायली खाक झाल्या. त्यानंतर फायली संगणकात ठेवायचा आग्रह वाढला, तो योग्यच होता. पण या ई-ऑफिसमध्ये एक मोठा दोष आहे: त्याला सगळे आठवते. नस्ती कोणत्या टेबलावर, किती दिवस, कोणाच्या नावावर पडून आहे हे ते तारखेनिशी सांगते. ‘फाइल सापडत नाही’, ‘साहेबांकडे गेली आहे’, ‘बारनिशीत आवक दिसत नाही’ ही तीन सुभाषिते पिढ्यान्‌पिढ्या कचेऱ्यांच्या उपयोगी पडत आली होती. ती एका झटक्यात निरुपयोगी झाली. एवढा उघडेपणा कोणत्याही कचेरीला मानवणारा नव्हता. आडोसा हवा होता. तो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपने दिला.

ई-ऑफिसमध्ये काम एका माणसाच्या नावावर चढते. ग्रुपवर ते एकाच वेळी चाळीस जणांच्या नावावर चढते, म्हणजेच कोणाच्याच नाही. ‘ग्रुपवर टाकले आहे’ असे म्हणणारा सुटतो, कारण त्याने टाकलेले असते. बाकीचे एकोणचाळीसही सुटतात, कारण ते सगळ्यांनाच टाकलेले असते. राज्य सरकारनेही जुलै २०२५ च्या शासन निर्णयात कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सअॅप, टेलिग्राम वापरायला मुभा दिली. अनेक ठिकाणी ती पूर्वलक्षी प्रभावाने दहा वर्षे आधीच घेतलेली होती.

समजा, शहरातल्या एका कॉलनीत कोणीतरी खोदले आणि पाण्याची लाइन फुटली. समजा, त्याचा एक ग्रुप आहे: ‘समन्वय – तातडीचे’.

सकाळी ७.४०. स्वच्छता निरीक्षक कारंज्याचा फोटो टाकतात. खाली ‘माहितीस्तव’.

७.४१. सहा अंगठे.

७.५५. पाणीपुरवठ्याचे उपअभियंता: ‘नोटेड. सदर खोदकाम या विभागाचे नाही.’

८.०२. बांधकामचे कनिष्ठ अभियंता: ‘आमचेही नाही सर. सदर रस्ता अद्याप हस्तांतरित नाही.’

८.१०. केबलच्या ठेकेदाराचा सुपरवायझर: जोडलेले हात. ही कबुली, दिलगिरी की शुभेच्छा, हे कळायला मार्ग नाही.

८.११. विजेचे साहेब: अंगारकीचा गणपती.

९.३०. मोठे साहेब: ‘सर्व संबंधितांनी समन्वयाने तात्काळ कार्यवाही करावी.’

९.३१ ते ९.४०. सतरा जण: ‘जी सर.’

१०.०५. नव्यानेच रुजू झालेला एक पोरगेला अभियंता: ‘व्हॉल्व्ह कोणी बंद केला आहे का?’

यावर अर्धा तास संपूर्ण शांतता. ग्रुपवर प्रश्न विचारायचा नसतो, हे त्याला प्रशिक्षणात कोणी सांगितलेले नसते. शेवटी एक ज्येष्ठ त्याला खासगीत लिहितात, ‘भाऊ, असे ग्रुपवर विचारत नका जाऊ. साहेब असतात त्याच्यात.’

सायंकाळी ५.२०. बुजवलेल्या खड्ड्याचा फोटो. ‘तक्रार निकाली.’ मोठे साहेब: ‘उत्तम समन्वय.’ टाळ्या, फुले, पुन्हा अंगठे.

५.४५. दुसऱ्या एका विभागाचा संदेश: ‘उद्या सकाळी याच ठिकाणी खोदकाम प्रस्तावित. माहितीस्तव.’

५.४६. सहा अंगठे.

खासगी कंपन्यांत असे होत नाही, असे खासगी कंपन्यांतल्या लोकांना वाटते. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात गेलात तर कळते की तिथे हेच होते, फक्त वातानुकूलित होते. शिफ्टचा सुपरवायझर उत्पादनाचा आकडा वहीत लिहितो. ऑपरेटर तो एक्सेलमध्ये भरतो. एक्सेलमधून तो सॅपमध्ये जातो. सॅपवर साहेबांचा विश्वास नसल्यामुळे वहीच्या पानाचा फोटो ‘डिस्पॅच अर्जंट’ ग्रुपवर जातो. तो फोटो झूम करून, आठ आहे की तीन याचा अंदाज घेऊन, मुख्य कार्यालयातली एक मुलगी तो पुन्हा एक्सेलमध्ये भरते. डिजिटल परिवर्तन म्हणतात ते हेच: जो आकडा पूर्वी एकदा चुकायचा, तो आता चार ठिकाणी वेगवेगळा चुकतो आणि मग तो जुळवण्यासाठी बैठक लावता येते.

अशाच एका कल्पित कारखान्यात डायला तडा गेला आणि प्रेस थांबली. लगेच टीम्सवर कॉल लागला. क्वालिटी, प्रॉडक्शन, परचेस, प्लॅनिंग, पुण्याचे मुख्य कार्यालय असे चौदा जण हजर. पहिली दहा मिनिटे ‘आवाज येतोय का?’ यात गेली. पुढची दहा ‘सर, तुम्ही म्यूटवर आहात’ यात. मग एकाने स्क्रीन शेअर केली. चौदा जणांनी त्याच्या मुलाच्या वाढदिवसाचा फोटो पाहिला आणि त्याखालून तडा गेलेल्या डायचा तक्ता निघाला. तडा का गेला यावर चर्चा झाली, तो कोणाच्या कार्यकाळात गेला यावर जास्त झाली. चाळिसाव्या मिनिटाला पुण्याहून प्रश्न आला, ‘पण डाय आत्ता बघतंय कोण?’ तेवढ्यात सुपरवायझरच्या मागून धाडधाड आवाज सुरू झाला. टूलरूमच्या फिटरने जुनी डाय काढून सुटी पडलेली दुसरी चढवली होती. त्याला कंपनीचा ईमेल नसल्यामुळे तो कॉलवर नव्हता. संध्याकाळी इतिवृत्त आले: ‘क्रॉस-फंक्शनल टीमच्या समन्वयातून समस्येचे निराकरण.’ चौदा नावे होती. फिटरचे नव्हते, त्याची हजेरी त्या दिवशी फेस-रीडरने घेतली नव्हती, म्हणून त्याचा अर्धा दिवस कापायचा की नाही हा विषय पुढच्या बैठकीसाठी ठेवला.

या सगळ्याला सरळ ‘नको’ म्हणायची हिंमत महाराष्ट्रात झाली ती अंगणवाडी सेविकांची. काम नोंदवायला त्यांना सरकारी मोबाइल दिले होते. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर नावाचे अॅप आले. मोबाइल जुने, कमी ताकदीचे, तापणारे, आणि अॅप इंग्रजीत. दुरुस्तीचा खर्च मात्र बाईंच्या पदरचा. तेव्हा राज्यभरातल्या अंगणवाडीताईंनी मोर्चे काढून ते मोबाइल परत केले. ‘नोटेड’ नाही, ‘जी मॅडम’ नाही; हा घ्या तुमचा फोन. डिजिटल प्रशासनाच्या इतिहासात वापरकर्त्यांनी दिलेला इतका स्पष्ट अभिप्राय दुसरा नसेल. पण त्याला शासकीय भाषेत आंदोलन म्हणतात, अभिप्राय म्हणत नाहीत.

खोदणाऱ्यांसाठीही अॅप आहे. ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप मार्च २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाले. खोदण्याआधी जागा नोंदवायची, मग त्या जमिनीखाली ज्यांच्या तारा नि नळ आहेत त्यांना आपोआप सूचना जाते. कल्पना उत्तम. नाशिककराला त्यात एकच शंका येते: सूचना गेल्यावर तिकडूनही अंगठा आला तर?

खरे तर समन्वयासाठी नाशिकने अॅपची वाट बघण्याचे कारण नव्हते. पेशवाईत त्र्यंबकला आधी स्नान कोणी करायचे यावरून शैव आणि वैष्णव साधूंत रक्तपात झाला. त्यानंतर जी वाटणी झाली ती आजही चालू आहे: वैष्णवांचे स्नान नाशिकला रामकुंडावर, शैवांचे त्र्यंबकला कुशावर्तावर. तेरा आखाड्यांपैकी निर्वाणी, दिगंबर, निर्मोही हे तीन इकडे, बाकीचे दहा तिकडे. कोण पुढे, कोण मागे, कोण कोणत्या घाटावर, हे आधी ठरते. भांडणे अजूनही होतात, पण ती होतात मानावरून. ‘हा घाट आमच्याकडे हस्तांतरित नाही’ असे कुठल्या महंतांनी म्हटल्याचे ऐकिवात नाही. आपल्याकडच्या विभागांना एका गल्लीत कोणी आधी खोदायचे हे ठरवता येत नाही. ज्यांनी घरदार सोडले त्यांना रांग लावता येते, आणि ज्यांना घरभाडे भत्ता मिळतो त्यांना येत नाही.

आणि तंत्रज्ञानाने काम होतच नाही, असेही नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसे गेली. २०१५ च्या कुंभाआधी एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर, हे मूळचे नाशिकचेच, यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ सुरू झाले. शहरातली मुले, अभियंते, अधिकारी एकत्र बसले. त्यातून निलय कुलकर्णी या नाशिकच्या शाळकरी मुलाने आणि त्याच्या सोबत्यांनी ‘अशिओतो’ नावाची चटई केली. रस्त्यात अंथरायची, तिच्यावर पाऊल पडले की दाब कळतो, मोजणी होते, आणि या वाटेने किती माणसे पुढे गेली याचा आकडा बंदोबस्तावरच्या लोकांना मिळतो. बस्स. ती शुभ सकाळ म्हणत नाही. तिला पदोन्नती नको असते. तिने मोजलेला आकडा कोणाकडे जायचा आणि तो वाढला की वाट कोणी अडवायची, हे मात्र आधी ठरलेले असावे लागते. ते ठरलेले नसेल तर चटई माणसे मोजत राहील आणि आकडा ग्रुपवर पडत राहील.

आता सिंहस्थ पुन्हा दारात आहे. २०२५ मध्ये कायदा करून कुंभमेळा प्राधिकरण स्थापन झाले. त्याच वर्षी १८ जानेवारीला जिल्ह्याला पालकमंत्री मिळाले आणि १९ जानेवारीला त्या नेमणुकीला स्थगितीही मिळाली. इतक्या वेगाने घेतलेला आणि फिरवलेला निर्णय कोणत्याही सॉफ्टवेअरला झेपला नसता. आता डॅशबोर्ड येतील, कॅमेरे येतील, नियंत्रण कक्ष येतील, आणि त्या प्रत्येकाचा एक ग्रुप येईल. त्यासाठी आमच्या काही नम्र सूचना. ग्रुपवर ‘माहितीस्तव’ लिहिणाऱ्याने ती माहिती घेऊन स्वतः जागेवर जावे. ‘नोटेड’ लिहिणाऱ्याच्या नावावर ते काम आपोआप चढावे. अंगठ्याला दहा रुपये आकारावेत. त्यातून साधुग्रामचा बराच खर्च निघेल. आणि ‘सर्व संबंधितांनी’ या शब्दांऐवजी दर वेळी एका माणसाचे नाव लिहावे, मग ग्रुप चाळीस जणांचा असला तरी चालेल.

पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. सिंह राशीत यायला गुरूला ना तांत्रिक मंजुरी लागते ना मुदतवाढ. त्यालाही ग्रुपवर घ्यावे, म्हणजे समन्वय साधता येईल, अशी सूचना एखाद्या बैठकीत होईलच. घ्या. पण तो ‘नोटेड’ लिहून थांबणाऱ्यांतला नाही.