वाढदिवसाला फेरेट भेट देणाऱ्या काकांस खुले पत्र

काका,

नमस्कार. पुढचं 'विनंती विशेष' लिहीत नाही, कारण या पत्रात विनंती थोडी आणि जाब जास्त आहे. पत्र खुलं का, तेही सांगते. मंडळाच्या गणपतीत, कोजागरीला आपण भेटतोच. पण तिथे कुणी काही बोलू लागलं की तुम्ही पाठीवर थाप मारता, "अगं, पोरगी खूश झाली ना, मग झालं!" म्हणता आणि मसाला दुधाचा पेला घेऊन पुढच्या घोळक्यात शिरता. म्हणून लिहून देते आहे, चारचौघांनी वाचावं असं.

माझ्या भाचीच्या दहाव्या वाढदिवसाला तुम्ही क्वीन्सहून न्यू जर्सीत आलात ते भोकं पाडलेलं खोकं घेऊन. वाटेत प्राण्यांच्या दुकानात थांबलात, काचेमागचं पिल्लू आवडलं, घेऊन टाकलंत. तिच्या आईबाबांना फोन केला नाहीत. केक कापायच्या आधी, पंचवीस पाहुण्यांसमोर, फेरेटचं पिल्लू तिच्या हातात ठेवलंत. त्यानंतर 'नको' म्हणायची सोय कुठल्या आईबापाला उरते? ती उरू नये म्हणूनच तुम्ही विचारलं नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. कुत्री-मांजरं सोडून बाकीचे पाळीव प्राणी येतात त्या विभागात. घरात पहिल्यांदाच आलेला फेरेट काय अवस्थेत आमच्या टेबलावर येतो, ते मी रोज बघते. हा प्राणी मला मनापासून आवडतो, आणि माझा राग तिथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट त्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्याची. दुकानदाराने "रेअर पीस" म्हणून त्या पट्ट्याचे जास्त पैसे घेतले, हे तुम्हीच सगळ्यांना कौतुकाने सांगत होतात. ताईच्या सासूबाई साताऱ्याकडच्या. त्यांनी पट्टा बघितला आणि गोठ्यातल्या बैलाला ठेवावं तसं त्याचं नाव चांद्या ठेवलं. नाव सगळ्यांना आवडलं. पण त्या नावाने हाक मारली तर चांद्या कधी वळूनच बघेना. आठवड्याभरात त्याने भाचीला दोनदा कडकडून चावलं, एकदा करंगळीतून रक्त येईपर्यंत. घरात "हा रागीट आहे, परत द्या" सुरू झालं.

मी गेले तेव्हा तो सोफ्याच्या उशीवर मुटकुळं करून झोपला होता. त्याच्या मागे उभी राहून मी किल्ल्यांचा जुडगा वाजवला. मग टाळी वाजवली. मग स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट आणून पळीने बडवलं. मिशीचा केसही हलला नाही. उशीवर हलकेच बोट टेकवलं, तर दचकून उठला आणि वळताना त्याचा जबडा आधीच उघडलेला होता. चांद्या जन्मापासून ठार बहिरा आहे, काका. डोक्यावर असा पांढरा पट्टा असलेल्या किंवा पूर्ण पांढऱ्या डोक्याच्या फेरेटांमध्ये जन्मजात बहिरेपणाचं प्रमाण खूप मोठं असतं. आमच्या क्षेत्रात हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही जास्त पैसे मोजलेत ते त्या खुणेचे. झोपेत मागून उचललेला बहिरा जीव चावणारच. आता भाची आधी जमिनीवर तळहात आपटते, कंप त्याच्या पायांना लागतो, मग ती हात हुंगायला देते आणि त्यानंतरच उचलते. त्या दिवसापासून तो चावलेला नाही. एवढी साधी गोष्ट खोक्याबरोबर कुणी सांगितली असती, तर त्या मुलीच्या मनात आपल्याच प्राण्याची भीती बसली नसती.

आता जेवणाचं. ताईचं घर तुम्हाला नवीन नाही. सासूबाई माळकरी आहेत, घरात अंडंही येत नाही. दर वेळी त्यांच्याकडची साबुदाण्याची खिचडी मागून खाता, तेव्हा हे तुम्ही ऐकलेलं आहे. त्या घरात तुम्ही असा प्राणी दिलात जो मांसाशिवाय जगूच शकत नाही. फेरेट दिसतो मुंगसासारखा, पण नातं पाणमांजराशी. खाण्याच्या बाबतीत तो मांजराइतकाच पक्का मांसाहारी. त्याचं आतडं आखूड. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. धान्य, फळं, भाज्या पचवण्याची व्यवस्था त्याच्या शरीरात नाही. दर काही तासांनी त्याला मांसातली प्रथिनं आणि चरबी लागते. दुकानातून तुमच्या पिशवीत आलं काय? मक्याचं पीठ घातलेलं स्वस्त खाद्य आणि वर मनुक्यांची पुडी. मनुका, केळं, गोड बिस्किट हे सगळं त्याला वर्ज्य.

सासूबाईंनी आपल्या परीने त्याला दूधभात कालवून घातला. त्यांची चूक काय? आयुष्यभर दारात आलेल्या जिवाला त्यांनी तेच घातलं. चांद्याला जुलाब लागले. पिल्लू सुकत चाललं. शेवटी मी ताईला आणि भावोजींना बसवून सगळं सांगितलं. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "त्याला देवानं तसं केलंय, त्याचं त्याला द्या. फक्त माझ्या ओट्यावर नको." गॅरेजमध्ये वेगळं कपाट आलं, वेगळ्या वाट्या आल्या. तिथे आता भरपूर मांस असलेलं फेरेटचं कोरडं खाद्य असतं. भावोजी नाकाला रुमाल न लावता ते मोजून घालतात. वाढत्या वयात फेरेटला ज्या वासाची सवय लागते तेच त्याला पुढे अन्न वाटतं, म्हणून हे सगळं घाईने करावं लागलं. सत्तरी ओलांडलेल्या माळकरी बाईला आपल्याच घरात हा पेच सोडवावा लागला. तो तुम्ही आणलात, आणि तिला एका शब्दाने विचारलं नव्हतंत.

त्यानंतर शस्त्रक्रिया. फेरेटच्या पिल्लाला रबर दिसलं की राहवत नाही. चपलेचा तळ, रिमोटची बटणं, इअरफोनची टोकं, जे मऊ आणि चिवट असेल ते तो कुरतडतो आणि गिळतो. आतड्यात तुकडा अडकला की फेरेट मांजरासारखा ओकून मोकळा होईलच असं नाही. तो खाणं सोडतो, दात कराकरा चावतो, पंजाने तोंड खाजवतो आणि निपचित पडतो. चांद्या असाच आला. पोट चाचपलं तर बोटांना गाठ लागली. डॉक्टरांनी आतडं उघडून बाहेर काढला तो करंगळीच्या पेराएवढा गुलाबी तुकडा. ट्रेमध्ये ठेवून मी तो धुतला. भाचीच्या कंपासपेटीतलं खोडरबर होतं. तिने ते ओळखलं, आणि रात्रभर ती स्वतःला दोष देत रडली. दहा वर्षांच्या मुलीने पेन्सिलीचं खोडरबर टेबलावर ठेवलं, यात तिचा दोष नाही. फेरेट घरी आणण्याआधी जमिनीवर पालथं पडून कपाटांखालची, वॉशिंग मशीनमागची, सोफ्याच्या अस्तरातली भोकं बुजवायची असतात. मागे रेलणारी आरामखुर्ची असेल तर ती खोलीतून काढायची असते, कारण तिच्या यांत्रिक दांड्यांत चिरडून फेरेट मरतात. ही तयारी आधी लागते. तुम्ही ती करायला वेळच ठेवला नाहीत.

कायद्याचं बोलू? न्यू जर्सीत फेरेट पाळायला राज्याच्या वन्यजीव विभागाचा परवाना लागतो. भावोजींना ते दवाखान्यात कळलं. कॅलिफोर्निया आणि हवाई या राज्यांत फेरेट पाळायला बंदीच आहे. आणि तुम्ही राहता त्या न्यूयॉर्क शहरात १९९९ पासून बंदी आहे. २०१५ मध्ये ती उठवायचा प्रस्ताव शहराच्या आरोग्य मंडळापुढे आला आणि मंजूर झाला नाही. म्हणजे जो प्राणी तुम्हाला स्वतःच्या घरात ठेवता येत नाही, तो तुम्ही दुसऱ्याच्या घरात ठेवून आलात. वर दिवाळीला "चांद्याला पण घेऊन या क्वीन्सला" असा निरोप पाठवलात.

तुम्ही पिंजऱ्याचा खर्च दिलात, हे मान्य. पण फेरेट पिंजऱ्यात शोभेला ठेवायचा प्राणी नाही. दिवसाचे चौदा ते अठरा तास तो झोपतो, आणि जागा असतो तेव्हा त्याला मोकळं फिरणं आणि सोबत हवी असते. रोज निदान चार तास. आठ तासांची नोकरी करणाऱ्या दोन माणसांच्या आणि शाळा, कथक, पोहणं यांत बांधलेल्या मुलीच्या घरात हे तास कुठून आले, ते सांगते. भावोजी पहाटे साडेपाचला उठतात. ताईने संध्याकाळचं चालणं सोडलं.

अजून पुढचं यायचं आहे. चांद्याच्या कानात निळ्या गोंदणाचे दोन ठिपके आहेत. अमेरिकेतल्या दुकानांत येणारी बहुतेक पिल्लं मोठ्या पैदास केंद्रांतून येतात. जेमतेम पाच-सहा आठवड्यांची असताना त्यांची नसबंदी करतात, वासाच्या ग्रंथी काढतात आणि ती खूण गोंदतात. मादीची नसबंदी टाळून चालत नाही, हे खरं. नराशी संयोग न होता मादी माजावरच राहिली तर शरीरातलं संप्रेरक रक्त तयार होणंच थांबवतं आणि ती मरते. पण इतक्या कोवळ्या वयात केलेल्या नसबंदीशी पुढे होणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींच्या आजाराचा संबंध जोडला जातो. शेपटीपासून केस गळू लागतात, नराला लघवी अडते. तीन-चार वर्षांचा झाला की स्वादुपिंडाच्या गाठींची शक्यता असते. त्यात रक्तातली साखर एकदम उतरते, मागचे पाय लुळे पडतात, तोंडातून लाळ गळते. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा रोग लागला तर फेरेट वाचत नाही, म्हणून ती लस चुकवायची नाही. रेबीजचीही लस वेगळी. फेरेट सहा ते आठ वर्षं जगतो. तुमच्या भेटवस्तूची मुदत भाची कॉलेजात जाईपर्यंतची आहे.

हे वाचून कुणाला वाटेल की मी फेरेटच्या विरोधात आहे. चांद्याला संध्याकाळी मोकळं सोडतात तेव्हा या एकदा. पाठीची कमान करून, तोंड उघडं टाकून तो चारी पायांवर तिरका तिरका उड्या मारतो, दाराला धडकतो, पडतो, पुन्हा उठतो आणि घशातून 'डुक डुक' असा आवाज काढत राहतो. सोफ्याखाली त्याचा खजिना आहे. परवा तिथून तीन मोजे, भावोजींच्या गाडीची किल्ली आणि सासूबाईंच्या चष्म्याची डबी निघाली. माणसाने या प्राण्याला दोन हजार वर्षांहून जास्त काळ कामाला लावलंय. स्पेनमध्ये सशांचा सुळसुळाट झाला तेव्हा त्यांच्या बिळांत हेच प्राणी सोडत, असं स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवलंय. १९३३ मध्ये लंडनला स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या शास्त्रज्ञांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू पकडला तो फेरेटांच्या मदतीने. माणसाचा फ्लू फेरेटला लागतो, हे तेव्हा कळलं. भाचीला ताप आला की ती चांद्याजवळ जात नाही, ती त्याचमुळे. डिसेंबर २०२० मध्ये, नामशेष व्हायच्या काठावर असलेल्या अमेरिकेतल्या काळ्या पायांच्या फेरेटचा पहिला क्लोन जन्मला, तोही एका पाळीव फेरेट मादीच्या पोटी. एवढी सेवा केलेल्या जातीतला एक जीव तुम्ही फुग्यांच्या आणि रिटर्न गिफ्टच्या रांगेत बसवलात.

तुम्हाला खरंच भाचीला फेरेट द्यायचा होता, तर मार्ग होता. आधी ताईला फोन. मग घराजवळ फेरेट तपासणारा डॉक्टर आहे का याची चौकशी, कारण प्रत्येक दवाखाना त्यांना घेत नाही. मग दुकानाऐवजी निवारा केंद्र. तिथे दोन-तीन वर्षांचे, माणसाळलेले फेरेट असतात. कुणाला ऐकू येतं, कोण चावतो, कोण काय खातो, हे तिथल्या लोकांना ठाऊक असतं. ते बहुतेक अशाच कुणीतरी हौसेने आणलेले आणि नंतर नको झालेले असतात. चांद्या तिथे गेला नाही, याचं श्रेय ताई-भावोजींचं आणि त्या माळकरी आजीचं आहे.

आमच्या कानावर आलंय की पुढच्या महिन्यात मंडळाच्या खजिनदारांच्या मुलाच्या मुंजीत तुम्ही शुगर ग्लायडरची जोडी देणार आहात. मी त्याच्या आईशी बोलले आहे. त्या मुलाला पुस्तकं द्या, सायकल द्या, जिवंत काही देऊ नका. हे वाचणाऱ्या प्रत्येक आईबापालाही सांगते, कुणी न विचारता प्राणी घेऊन दारात आलं, तर पाहुण्यांसमोरही 'नको' म्हणा आणि खोकं त्यांच्याच हातात परत द्या.

आणि काका, चांद्याच्या शस्त्रक्रियेच्या बिलाची प्रत तुमच्या पत्त्यावर पाठवली आहे. निम्मी रक्कम तुम्ही भरा.

चांद्याच्या मालकिणीची मावशी